लिहून देणार, लिहून घेणार

मराठीत दस्त लिहिला की त्यात दोन पक्ष येतात. एक 'लिहून देणार' आणि दुसरा 'लिहून घेणार'. शेवटी एक ठरीव वाक्य येते : हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिला आहे. वकिलाच्या कचेरीत लेखनिक म्हणून मी हे वाक्य किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. हात सवयीने लिहीत असे, डोके दुसरीकडे असे. निवृत्तीनंतर मात्र त्यातला 'राजीखुशी' हा शब्द मला विचार करायला लावू लागला. माणूस राजीखुशीने सही करतो, म्हणजे नेमके काय करतो? मला वाटते, याचा अर्थ एवढाच की सही न करता उठून जाण्याची मुभाही त्याला होती. दार उघडे असताना जो बसून राहिला, त्याच्या बसण्याला संमती म्हणता येते. दाराला बाहेरून कडी असेल तर आतला माणूस कितीही आरामात बसलेला असो, त्याची संमती आपण गृहीत धरू नये.

हा प्रश्न माझ्यापुढे सर्वांत स्पष्ट उभा केला तो अमेरिकेतल्या एका खेळाने. माझा एक भाचा नोकरीनिमित्त पिट्सबर्गला असतो. २०१८ च्या दिवाळीत त्याचा फोन आला तेव्हा ते अख्खे शहर एका फुटबॉल खेळाडूवर संतापले होते. वर्षाला दीड कोटी डॉलरच्या घरात पैसे मिळत असताना तो खेळायला येत नव्हता. "मामा, याला काय म्हणायचे?" असे भाच्याने विचारले. मी तेव्हा उत्तर दिले नाही. प्रकरण समजून घ्यायलाच मला बरेच दिवस लागले.

गोव्यात किंवा कोल्हापुरात आपण पाहतो तो हा फुटबॉल नव्हे. यात लांबोळका चेंडू हातात धरून पळायचे असते आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे असते. नॅशनल फुटबॉल लीग ही त्याची धंदेवाईक संघटना, तिचे ३२ संघ. कॉलेजातून येणाऱ्या मुलांना संघ आळीपाळीने निवडतात. कोणत्या गावी जायचे हे मुलाच्या हाती नसते. पहिला करार साधारण चार वर्षांचा. तो संपला की खेळाडू मोकळा होतो, निदान कागदावर तरी.

हा मोकळेपणा फुकट मिळालेला नाही. एके काळी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची ते लीगचा आयुक्त ठरवी, आणि त्या धास्तीने कोणी कोणाला घेतच नसे. जॉन मॅकी यांच्या दाव्यात १९७६ साली न्यायालयाने हा नियम अवैध ठरवला. मालकांनी दुसऱ्या वाटेने बंधने आणली. १९९२ साली फ्रीमन मॅक्नील आणि सहकाऱ्यांच्या खटल्यात मिनियापोलिसच्या ज्युरीने तीही कायद्याविरुद्ध ठरवली. पुढे रेजी व्हाइट यांच्या नावाच्या दाव्यात तडजोड झाली आणि १९९३ च्या सामुदायिक करारात खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. पण तडजोड म्हटली की देणेघेणे आलेच. मालकांनी एक हक्क राखून ठेवला. प्रत्येक संघाने दर वर्षी, ज्याचा करार संपतो आहे अशा एका खेळाडूला अडवून ठेवावे. यालाच 'फ्रँचायझी टॅग' म्हणतात. टॅग म्हणजे चिठ्ठी, दुकानात मालावर डकवतात तशी.

चिठ्ठी लागली की खेळाडूला एक वर्षाचा करार देऊ केला जातो. रक्कम सूत्राने ठरते. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या मोबदल्याचा त्यात विचार असतो, किंवा त्याच्या आधल्या वर्षीच्या रकमेच्या १२० टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. तिसऱ्यांदा चिठ्ठी लावायची तर १४४ टक्क्यांपर्यंत जावे लागते. नेहमीच्या प्रकारात दुसरा संघ बोलणी करू शकतो, पण जुन्या संघाने तेवढीच रक्कम देऊ केली तर खेळाडू तिथेच राहतो. नाहीतर नव्या संघाने पहिल्या फेरीच्या दोन निवडी, म्हणजे दोन वर्षांची उत्तम पोरे, जुन्या संघाला द्यायची. एवढी किंमत मोजायला सहसा कोणी पुढे येत नाही.

पिट्सबर्ग स्टीलर्सचा तो खेळाडू म्हणजे लेव्हिऑन बेल. चेंडू घेऊन पळणारा गडी, ज्याला तिकडे 'रनिंग बॅक' म्हणतात. २०१७ साली त्याला चिठ्ठी लागली. १ कोटी २१ लाख २० हजार डॉलरवर तो खेळला आणि त्या एका हंगामात त्याने ४०६ वेळा चेंडू अंगावर घेतला. २०१८ साली पुन्हा चिठ्ठी, या खेपेला १ कोटी ४५ लाख ४४ हजारांची. त्याला हवा होता अनेक वर्षांचा, हमी असलेला करार. तो जमला नाही, आणि त्याने सहीच केली नाही. दर आठवड्याला सुमारे ८ लाख ५५ हजार डॉलर सोडत तो घरी बसला. १३ नोव्हेंबरची शेवटची मुदतही त्याने जाऊ दिली. सहकाऱ्यांपैकी काहींनी त्याच्यावर जाहीर टीका केली, आणि मुदत टळल्यावर त्याच्या कपाटातले बूट वाटून घेतले.

माझ्यासारख्या कागदे लिहिणाऱ्याला यात एक गोष्ट विलक्षण वाटली. सही न केल्यामुळे बेल कोणाशीही करारबद्ध नव्हता, म्हणून गैरहजेरीबद्दल संघ त्याला दंड करू शकत नव्हता. आणि तरीही तो दुसरीकडे खेळू शकत नव्हता. लिहून देणाऱ्याने लिहून दिलेले नाही, पण लिहून घेणाऱ्याचा हक्क कायम आहे, असा दस्त मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

यावर पहिला आक्षेप सगळेच घेतात, तोच माझ्या घरच्यांनीही घेतला. एवढे पैसे मिळत असताना कसली तक्रार? उसाच्या फडावर उचलीपायी अडकलेल्या कोयताकऱ्याचे हाल आणि या कोट्यधीशाची अडचण एका तागडीत घालू नये, हे मला मान्य आहे. कोयताकऱ्याचा प्रश्न पोटाचा आहे आणि आपली करुणा आधी त्याच्याकडेच जायला हवी. परंतु करुणा कोणाची करावी आणि न्याय कशात आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. रक्कम मोठी असली की आपली करुणा कमी होते, ते स्वाभाविकच आहे. मात्र माणसाच्या वतीने दुसऱ्याने 'हो' म्हणावे का, या प्रश्नाचे उत्तर रकमेबरोबर बदलत नाही.

शिवाय या व्यवहारात खरी वस्तू पैसा नसून काळ आहे. धावणाऱ्या गड्याचे शरीर चार-सहा वर्षांत झिजते. त्याचे उत्तम वर्ष संघ घेतो आणि पुढच्या वर्षी गुडघा गेला तर त्याचा धोका खेळाडूने सोसायचा. ज्यांचे शरीर टिकते त्यांना हीच चिठ्ठी लाभते. वॉशिंग्टनच्या कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती लागली. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. त्याने वर्षावर वर्ष काढले आणि २०१८ साली मिनेसोटाकडून तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख डॉलर, संपूर्ण हमीसह, मिळवले. नियम एकच, पण ज्याला थांबणे परवडते त्याला तो शिडी होतो आणि ज्याला परवडत नाही त्याला खोडा. सूत्रातही एक खोच आहे. इतरांचे मोबदले दबले की सरासरी दबते, आणि सरासरी दबली की पुढच्याची चिठ्ठीही स्वस्त होते. २०१७ साली एका संघाची एकूण पगारमर्यादा १६ कोटी ७० लाख डॉलर होती, ती २०२३ साली २२ कोटी ४८ लाख झाली. याच काळात धावणाऱ्या गड्याच्या चिठ्ठीची रक्कम १ कोटी २१ लाखांवरून १ कोटी ९१ हजारांवर उतरली.

आपल्याकडच्या आयपीएलमध्ये 'राइट टू मॅच' नावाचा याचा दूरचा नातलग आहे. २०२४ च्या लिलावात अर्शदीप सिंगसाठी हैदराबादने अखेर १८ कोटी रुपये बोलले आणि पंजाबने तेवढेच देऊन त्याला परत घेतले. कोणत्या गावी खेळायचे ते तिथेही खेळाडूच्या हाती नव्हते. पण निदान किंमत भर बाजारात बोलली गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही चिठ्ठी मालकांनी लादलेली नाही, खेळाडूंच्या संघटनेने मान्य केलेली आहे. मोजक्या थोरांनी थोडे बांधून घ्यावे आणि त्या बदल्यात शेकडो सामान्य खेळाडूंनी मोकळे व्हावे, असा तो सौदा होता. तो वाईट होता असे मला म्हणवत नाही. त्यातून पुष्कळांचे भले झाले. पण १९९३ साली तो झाला तेव्हा बेल पुरता दीड वर्षाचाही नव्हता. करार पुढे वेळोवेळी नवे झाले. २०२० साली मतदान झाले तेव्हा १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी सारा करार एकगठ्ठा मंजूर झाला. साठ मतांनी. बहुमताने नियम ठरवावेत, त्यावाचून कोणताही समाज चालत नाही. परंतु बहुमताने आपल्या हक्कातले काही सोडणे आणि बहुमताने दुसऱ्याच्या हक्कातले काही सोडणे, यांत फरक आहे. चिठ्ठी फार थोड्यांना लागते. ज्यांना ती कधीच लागणार नाही त्यांची मते तिला मिळणे सोपे असते.

इथे आल्यावर मला आमच्या घराची आठवण झाली. माझी थोरली बहीण शिकण्यात हुशार, हिशेबाला चोख, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी. वडील गेल्यावर आम्हा धाकट्यांना शिक्षणासाठी, नोकरीसाठी घराबाहेर जाता आले, कारण ती घरी राहिली. "तुझ्यावाचून या घराचे पान हलत नाही" असे सारे तिला म्हणत. ते खरे होते आणि प्रेमानेच म्हटलेले होते. पण त्या वाक्यात गौरव किती आणि बेडी किती, हे कोणी तपासून पाहिले नाही. जी कमी कामाची असती तिला कोणी अडवले नसते. संघ चिठ्ठी लावतो तीही आपल्या उत्तम गड्याला, आणि तिकडेही तो मान समजला जातो. गुणी माणसाला त्याच्या गुणाखातरच अडवून ठेवायचे, ही रीत अमेरिकेची नाही. ती घरोघरची आहे.

मग समाजाने गुणवंताकडून काहीच मागू नये काय? मागावे. कुटुंब, गाव, संस्था कोणाच्या तरी थांबण्यावरच उभ्या राहतात. माझे म्हणणे एवढेच की ते मागणे असावे, गृहीत धरणे नसावे, आणि त्याला मुदत असावी. एखाद्या खेळाडूला आयुष्यात एकदा चिठ्ठी लागली तर सहकाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी त्याने दिलेला वाटा, असे म्हणता येईल. दुसऱ्यांदा लागली तर त्याला वाटा म्हणवत नाही, ती वहिवाट झाली. ज्यांच्यासाठी तो थांबला त्यांनीच पुढच्या करारात 'एकदाच' हा शब्द मागून घ्यायला हवा. निदान त्याचे बूट तरी वाटून घेऊ नयेत.

बेलचे पुढे काय झाले, असे विचारणारे असतात. २०१९ साली न्यूयॉर्क जेट्सने त्याच्याशी चार वर्षांचा, ५ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला. तिथे त्याचा जुना जोम दिसला नाही. पहिल्या हंगामात ७८९ यार्ड धावला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला सोडून देण्यात आले. लोक म्हणाले, बघा, हट्टाचे फळ. याच्या उलट सेक्वॉन बार्कले. २०२३ साली न्यूयॉर्क जायंट्सने त्याला चिठ्ठी लावली. पुढच्या वर्षी मोकळा होऊन तो फिलाडेल्फियाला गेला, २,००५ यार्ड धावला आणि विजेत्या संघात राहिला. लोक म्हणाले, बघा, स्वातंत्र्याचे फळ. मला दोन्ही निवाडे पटत नाहीत. जाण्याचा हक्क पुढे यश मिळते म्हणून योग्य ठरत नाही आणि अपयश आले म्हणून अयोग्य ठरत नाही. चुकीच्या गावी जायचे असले तरी माणसाला आपल्या पायांनी जाता यावे.

भाच्याला मी अखेर हेच कळवले, की बेल शहाणा होता की नाही ते सांगता येत नाही, पण त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता आणि तो त्याने स्वतःच्या पैशाने बजावला. बहिणीला मात्र तिच्या सत्तराव्या वर्षी मी विचारले, "अक्का, तुला कुठे जायचे होते का?" ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी कोणी विचारले असते तर सांगितले असते."