राजाच्या आतल्या खोलीत

अरामाचा राजा इस्राएलाशी लढत असतानाची गोष्ट आमच्या संडे स्कूलच्या मुलांना ठाऊक आहे. राजा आपल्या माणसांशी गुप्त मसलत करी आणि बेत शत्रूला आधीच कळे. घरभेदी कोण, म्हणून तो संतापला, तेव्हा एका सेवकाने सांगितले की, तुमचे निजावयाच्या खोलीतले बोलणेसुद्धा अलीशा संदेष्ट्याला कळते (२ राजे, अध्याय ६).

विसाव्या शतकात एका राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत असेच घडले. मात्र अलीशाचे काम करणारे यंत्र त्याने स्वतःच बसवून घेतले होते. अमेरिकेचे रिचर्ड निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये आपल्या कचेरीत ध्वनिमुद्रणाची सोय केली. जुलै १९७३ पर्यंत सुमारे ३,७०० तासांचे बोलणे फितींवर साठले. व्हिएतनामचे युद्ध, निवडणुकीचे डावपेच, विरोधकांचा बंदोबस्त, सारे त्यात आहे. वर्तमानपत्रे ही आपली शत्रू आहेत हे कधी विसरू नका, असे त्यांनी सल्लागार हेन्री किसिंजर यांना डिसेंबर १९७२ मध्ये बजावले, तेही आहे. वॉटरगेट आणि ऑगस्ट १९७४ मधला राजीनामा वाचकांना माहीत आहे, त्यात आम्ही शिरत नाही.

आम्हां भारतीयांचा त्या फितींशी वेगळाच संबंध आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्यासाठी नोव्हेंबरपासून पत्राच्या पाकिटाला पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. उधन्याहून खानदेशात गावी जाणारे पाकीटही त्यातून सुटले नव्हते. त्याच नोव्हेंबरात इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. ५ तारखेला निक्सन आणि किसिंजर यांनी त्यांच्याविषयी जे शब्द उच्चारले, ते या पानांवर छापण्याजोगे नाहीत. २००५ साली ते उघड झाले आणि किसिंजर यांनी खेद व्यक्त केला.

आता कोणी म्हणेल, बंद दाराआड माणूस मन मोकळे करतो, त्याची कृती पाहा, तोंड पाहू नका. यात थोडे तथ्य आहे. स्तोत्रसंहितेतही शत्रूंना दिलेले भयंकर शाप आहेत. पण स्तोत्रकर्ता देवापुढे बोलतो. देव त्याला थांबवू शकतो, बदलू शकतो. निक्सनसमोर बसणारे बहुधा होकार भरणारे होते, आणि त्या होकारांतूनच धोरण घडत होते. ढाक्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांचे निषेधाचे पत्र तारेने वॉशिंग्टनला पाठविले. त्यांना त्या पदावरून हलविण्यात आले.

याहून मनाला लागणारी फीत १ फेब्रुवारी १९७२ ची आहे. त्या दिवशी खोलीत बिली ग्रॅहॅम होते. त्यांची प्रवचने आणि पुस्तके आमच्यापैकी अनेकांच्या विश्वासाला बळ देणारी ठरली आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोहिमाला त्यांना ऐकायला अफाट समुदाय जमला होता. राष्ट्राध्यक्षांनी वर्तमानपत्रांवरचा राग यहुदी लोकांवर काढला. प्रभू येशू ज्या लोकांत जन्मला, त्यांच्याविषयी चाललेले ते बोलणे सुवार्तिकाने थांबविले नाही. उलट स्वतःची भर घातली. १९९४ मध्ये या संभाषणाचा उल्लेख छापून आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. २००२ मध्ये फीत बाहेर आली. आपल्याला ते आठवत नाही, असे सांगून वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांनी जाहीर क्षमा मागितली, पुढे यहुदी पुढाऱ्यांना भेटूनही मागितली. आम्हाला वाटते, त्यांच्या मनात द्वेष होता असे नव्हे. मोठ्या माणसाने जवळ बसविले की मान आपोआप डोलू लागते, आणि पाळकाची मानही त्याला अपवाद नाही. दाविदाच्या दरबारात गेलेल्या नाथानाची मान डोलली नाही, म्हणून तर त्याचे नाव राहिले.

उधन्यात मागांच्या खडखडाटात कानाशी बोललेलेही ऐकू येत नाही. बोलणे होते ते शेठच्या केबिनमध्ये किंवा चहाच्या टपरीवर. ओडिशाहून आलेल्यांविषयी, उत्तर प्रदेशच्या लोकांविषयी, शेजारच्या मोहल्ल्याविषयी तेथे काय बोलले जाते, हे आम्हाला सांगावे लागत नाही. दिवाळीपूर्वी उचल हवी असलेला आमचा एखादा बंधू तेथे उभा असतो. ग्रॅहॅम यांना त्या खोलीत गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. याचे तर घरभाडे अडलेले असते. त्याने शेठला उलट उत्तर द्यावे, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. आम्ही तसे सांगत नाही. नाथानही थेट आरोप घेऊन आत शिरला नव्हता. त्याने प्रथम गरिबाच्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, आणि राजाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.