गजेंद्राचा परिवार

गजेंद्रमोक्षाची कथा ऐकताना भाविकांचे चित्त सहसा नक्राने धरलेल्या पायावर आणि धावून आलेल्या श्रीहरीवर खिळते. श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधात त्याआधीचे एक चित्र आहे. सरोवरात उतरलेला गजराज सोंडेने पाणी घेऊन हत्तिणींना व पिल्लांना पाजतो, न्हाऊ घालतो. एखाद्या गृहस्थाने करावे तसे. पुराणकार यास माया म्हणतात. मुमुक्षूच्या दृष्टीने ते यथार्थच आहे. परंतु हत्तीच्या जन्मात या मायेखेरीज दुसरी पाठशाळा कोणती असते?

दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न फार दुःखद रीतीने पुढे आला. तेथील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्तींची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी १९६७ ते १९९४ या काळात हत्ती मारले जात. कळपच्या कळप गोळीस बळी पडत. लहान पिल्लांवर मात्र दया केली जाई. त्यांतील अनेक पिल्ले पिलानेसबर्ग या अभयारण्यात सोडण्यात आली. पूर्ण वाढलेले हत्ती हलविण्याची साधने तेव्हा नसल्याने वडीलधारे कोणीच बरोबर गेले नाही. चारा होता, पाणी होते. एवढे पुरेसे आहे, असे सर्वांस वाटले.

पिल्ले वयात आली. तरुण नरांना अकाली मद चढू लागला आणि तो दीर्घकाळ टिकू लागला. १९९२ ते १९९७ या वर्षांत त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. गेंडा हे हत्तीचे भक्ष्य नव्हे. मग १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर तेथे आणण्यात आले. बलवान वडीलधारा समोर असता तरुणाचा मद ओसरतो, हा हत्तींच्या समाजाचा नियम आहे. गेंड्यांची हत्या थांबली. आजोबा ओसरीवर येऊन बसताच उनाड नातवंडांचा आवाज खाली यावा, तसेच काहीसे हे झाले.

हत्तिणींची हानी अधिक सूक्ष्म होती व ती इतक्या सहज भरून निघाली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हत्तींच्या कळपांना ओळखीच्या व परक्या हत्तिणींच्या हाका ऐकविण्यात आल्या. केनियातील अंबोसेली येथील, ज्यांची कुटुंबे अभंग राहिली होती असे कळप परकी हाक ओळखून सावध होत. पिलानेसबर्गच्या हत्तिणींना तो भेद उमगत नव्हता. तो शिकविणाऱ्या आया व आज्या कित्येक वर्षांपूर्वीच मारल्या गेल्या होत्या.

त्या गेंड्यांच्या हत्येचा दोष कोणाच्या पदरी घालावा? हत्तींच्या म्हणावे, तर त्यांना कोणी काही शिकविलेच नव्हते. गोळी झाडणाऱ्यांच्या म्हणणे सोपे आहे. अवघड आहे ते दया करणाऱ्यांचे. त्यांची दया खोटी नव्हती. पण तिने देह वाचविला आणि नाती वाऱ्यावर सोडली.

देवस्थानास हत्ती अर्पण करण्याची इच्छा काही दात्यांच्या मनात असते. त्यामागील भाव निर्मळच असतो. तथापि, जे आपले आहे तेच दान करता येते, असा संकेत आहे. हत्तीचे मूल्य मोजता येईल. ज्या आईपासून, मावश्यांपासून तो तोडला गेला, त्यांच्याशी असलेले त्याचे नाते दात्याच्या मालकीचे कधी झाले? कोल्हापूरजवळील श्री जोतिबा देवस्थानास २००७ साली अर्पण झालेला ‘सुंदर’ हा हत्ती न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१४ मध्ये बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा येथे पाठविण्यात आला. तेथे त्याच्या जातीचे सोबती होते.