दारी आलेला पाहुणा

आमचं लहानपणचं घर नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यात. वाडीला पायी जाणारे आमच्या ओसरीवर टेकायचे. बैरागी असत, वासुदेव असत, बाधा झाली म्हणून सेवेला आणलेल्या बायकाही असत. एक बाई रात्रभर स्वतःशीच मोठ्याने बोलत बसली. आम्ही मुलं घाबरून गेलो. आजी मात्र तिच्याशेजारी वाती वळत 'हो बाई, हो' म्हणत राहिली.

महाराज माध्यान्हीला कोल्हापुरी भिक्षेला येतात, ही आपली श्रद्धा. म्हणून दुपारी दारी आलेला विन्मुख जाऊ नये, हा आजीचा नेम.

एकदा भर दुपारी एक महारोगी आला. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. आजीने पिठलं-भाकरी वाढली, पण पान जरा लांबच ठेवलं. मी विचारलं, "आजी, हा दत्त असेल का गं?"

"नसला तर त्याला भूक नाही होय?"

रात्री मात्र ती जेवली नाही. म्हणाली, "पान लांब ठेवलं रे मी. त्याला उठून घ्यावं लागलं."

गुरुचरित्रात सुमतीने श्राद्धाचे ब्राह्मण जेवायच्या आधीच अतिथीला भिक्षा घातली. तो दत्त होता, हे नंतर कळलं. आपण उलट करतो. दत्त असेल म्हणून देतो, म्हणजे व्याजावर नजर ठेवून ठेव ठेवतो. मी बँकेत नोकरी केली, हा हिशेब मला चांगला कळतो.

आता आम्ही दोघंच फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी बेल वाजली. भिंगातून पाहिलं, एक अनोळखी म्हातारा. मी दार उघडलं नाही. थोड्या वेळाने जिना उतरल्याचा आवाज आला.

दिवस वाईट आहेत, हे खरंच. घाबरणं हे पाप नव्हे. पण आजीही घाबरलीच होती की! म्हणून तर पान लांब ठेवलं. तरी ठेवलं. भीती गेल्यावर देऊ म्हटलं, तर देणं राहूनच जातं. जाळीच्या दारातून मला 'काय हवंय बाबा?' एवढं विचारता आलं असतं, तांब्याभर पाणी देता आलं असतं.

तो कोण होता, हे मला कधीच कळणार नाही. पण आता बेल वाजली की आतलं दार उघडतो. जाळीचं बंदच असतं. आजीएवढं अजून जमलेलं नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥