करून दाखव

लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठात मी गणित शिकवते. वर्षातून नऊ शनिवार आमच्या विभागात आसपासच्या वस्त्यांतली सातवी-आठवीची मुलं येतात. बहुतेकांचे आईवडील मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वाडोरहून आलेले. त्या घरांत कॉलेजची पायरी अजून कुणी चढलेलं नाही. पहिल्या शनिवारी मी त्यांना हाइमे एस्कालांतेंची गोष्ट सांगते. ते बोलिव्हियाचे. तिथल्या त्यांच्या शिक्षकी शिक्षणाला इथे किंमत मिळाली नाही, म्हणून पुन्हा कॉलेजात बसले आणि मग पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिकवू लागले. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीच्या, परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांतल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला. १२ जण परत परीक्षेला बसले. बाराही जण पास झाले. हे सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो.

गेल्या वर्षी, त्याच खोलीत, तिसऱ्या शनिवारी मी एका आठवीतल्या मुलीवर तोच संशय घेतला.

७३१४ भागिले २३. तिचं उत्तर बरोबर होतं, ३१८. पण ७३ च्या खाली ६९ मांडून रेघ ओढलेली नव्हती, थेट ४. त्यापुढे १ उतरवून ४१, त्याखाली १८. मग १८४, त्याखाली शून्य. वजाबाकी कुठेच नाही. "मोबाइलवर केलंस का?" मी विचारलं. तिने मान हलवली. "मग करून दाखव." शेजारची मुलं बघत होती. तिने रबर घेऊन कागद विरेपर्यंत सगळं खोडलं आणि माझ्या पद्धतीने पुन्हा मांडलं. मी 'छान' म्हणाले. त्या संशयापेक्षाही तो 'छान' मला जास्त छळतो.

पुढच्या आठवड्यात मेक्सिकोत वाढलेल्या एका सहकाऱ्याला सहज हे सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे प्राथमिक शाळेत असाच भागाकार शिकवतात. वजाबाकी डोक्यात, कागदावर फक्त बाकी. म्हणजे तो तिला घरी कुणीतरी शिकवला होता. बहुधा आईने. बाराला तिला न्यायला यायची आणि दारापाशीच उभी राहायची, ती आई. तिला मी एकदाही आत बोलावलं नव्हतं.

माझी आजी चौथी शिकलेली. पावकी, निमकी, दिडकी तिला तोंडपाठ. भाजीवाल्याच्या आधी तिचा हिशेब तयार असे. तिला घरात कुणी 'करून दाखव' म्हटलं नाही. आम्ही कौतुकाने ऐकत राहायचो. तीच तोंडी हुशारी दुसऱ्या कुणाच्या लेकीकडे दिसली तेव्हा मला लबाडी का सुचली? घाईत होते, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. या मुलांकडे काही नाही आणि ते द्यायला मी आले आहे, असं मी मनात धरूनच खोलीत शिरत होते.

इथे आठवीत अल्जिब्रा मिळाला तर बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचणं सोपं जातं, आणि अनेक शाळांत त्या वर्गासाठी शिक्षकाचं मत विचारात घेतात. एका शिक्षकाच्या मनातली शंका मुलीचा रस्ता वळवू शकते. हे मला माहीत होतं. पालकांच्या सभेत मीच ते सांगते.

त्या प्रसंगानंतर ती मुलगी दोन शनिवार आली, मग आली नाही. मी चौकशी केली नाही. अनुदानाच्या अहवालात मात्र '३२ विद्यार्थी' लिहिताना तिला धरलं.

यंदा पहिल्या शनिवारी मी आयांना आत बसवलं आणि फळ्यावर भागाकार मांडायची विनंती केली. तिघी उठल्या. तिघींनीही वजाबाकी लिहिली नाही. अहवालातला आकडा दुरुस्त करून ३१ केला आहे. त्या मुलीच्या शाळेतल्या समुपदेशकांना पत्र लिहिलं आहे: चूक माझी होती, तिचा भागाकार बरोबर होता, हे तिला आणि तिच्या आईला सांगायला मला भेटायचं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.