इलॅस्टिकचा फेटा

पुण्याहून कुठल्याही दिशेने बाहेर पडा, हायवेला एक ‘वाडा’ लागतोच. दिंडी दरवाजा फायबरचा, त्यावरचे पितळी खिळे रंगाने काढलेले. आत शिरलं की रांजण, पाटा-वरवंटा, बैलगाडीच्या चाकाला बल्ब टांगून केलेलं झुंबर. भिंतीवर ढाल-तलवार आणि तिच्याखाली वायफायचा पासवर्ड. वेटरचा फेटा बांधलेला नसतो, शिवलेला असतो. पोरगा ताटं उचलायला वाकला की मागचं इलॅस्टिक दिसतं. मेनूकार्डात पिठलं-भाकरी पहिल्या पानावर, पण बहुतेक टेबलांवर पनीर बटर मसालाच.

पेठेत वाढलेल्या मंडळींना हे बघवत नाही. ‘हा कसला वाडा!’ म्हणून नाकं मुरडतात. पण अस्सल वाडा तरी कितपत सोवळा होता? सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि कमळाच्या पाकळ्यांसारख्या महिरपी ही उत्तरेतल्या मोगली थाटाची उचल. पेशवाईतल्या सरदारांना दिल्लीचा डौल हवा होता, तो त्यांनी सागवानात करून घेतला. 1807 च्या सुमाराचा विश्रामबागवाडा आज आपल्याला अस्सल मराठी वाटतो, तो बराचसा वयामुळे.

शिवाय या हॉटेलांतलं सगळंच खोटं नसतं, ही खरी गंमत. पेठांतले वाडे पाडून इमारती उठल्या, तेव्हा खांब, तुळया, दारं जुन्या बाजारात गेली आणि तिथून रिसॉर्टवाल्यांकडे. असा एक खांब जवळून पाहावा. सागवान शंभर नंबरी, तळाला दगडी उथळं, अंगावर पिढ्यानपिढ्यांच्या तेलकट हातांचा काळपटपणा. आणि माथ्यावर जिप्समचं फॉल्स सीलिंग. तो कसलाच भार पेलत नाही. नुसता उभा असतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही कोथरूडहून आणून पुन्हा रचलेला मस्तानी महाल आहे. त्याला कोणी अभिरुचीहीन म्हणत नाही. तिथे ही वस्तू दुसरीकडून आणलीय, हे आपल्याला सांगितलेलं असतं. हॉटेलातल्या खांबाचं मूळ गाव कोणी विचारत नाही.

या धंद्याचं पूर्ण वाढलेलं रूप अमेरिकेत सापडतं. तिथली दारूबंदी 1933 साली उठली आणि त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ नावाचा बार निघाला. बांबू, माडाच्या झावळ्या, मासेमारीची जाळी. पुढे अशा बारांतून पॉलिनेशियातल्या लाकडी देवमूर्ती आल्या आणि त्याच घाटाचे मद्याचे पेलेही. नाव दक्षिण समुद्राचं, रम कॅरिबियन, जेवण कॅन्टोनीज चिनी धाटणीचं, काउंटरमागे बरेचदा फिलिपिनो कारागीर. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टोंगा रूम’मध्ये तर हॉटेलातल्या जुन्या पोहण्याच्या तलावावर अजून ठरावीक वेळाने गडगडाट होऊन पाऊस पडतो. 1989 साली डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या प्लाझा हॉटेलातला याच पंथाचा ‘ट्रेडर व्हिक्स’ बंद करायचं ठरवलं, कारण तो हलक्या अभिरुचीचा वाटू लागला होता. हा निकाल कोणी द्यावा, तर सोनेरी झळाळीच्या ट्रम्प टॉवरच्या मालकाने! उलट फ्लोरिडातला 1956 चा ‘माय-काय’ 2014 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. नकलेलाही वय झालं की वारसा म्हणतात. आपल्या हायवेवरच्या एखाद्या फायबरच्या वाड्याला आणखी पन्नास वर्षांनी वारसास्थळाची निळी पाटी लागली, तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून ‘हे खोटं आहे’ या तक्रारीत मला फारसा दम दिसत नाही. सजावट करताना झाडून बाहेर काय टाकलं, ते पाहावं. अमेरिकन माणूस झावळ्यांखाली बसून रम पीत होता, तेव्हा प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर त्याचंच सरकार अणुचाचण्या करत होतं. 1946 ते 1958 या काळात तेवीस. तिथल्या लोकांना आधीच उठवून दुसऱ्या बेटावर नेलं होतं. पेल्यावरचा देव मात्र हसराच राहिला.

आपल्या ‘वाड्या’तून काय झाडलं? माजघराच्या कोपऱ्यातली लाल आलवणातली विधवा आत्या. जातीजातींच्या वेगळ्या पंगती. आणि तो दारातला रांजण. तांब्या ठेवलाय, कोणीही यावं, पाणी प्यावं. महाडच्या चवदार तळ्यावर हेच करण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला होता.

पण इथेच मी त्या फायबरच्या दरवाजाची बाजू घेईन. ज्याच्या आजोबाला खऱ्या वाड्याची ओसरी चढता आली नसती, तो आज सहकुटुंब येतो, झोपाळ्यावर बसून फोटो काढतो, वेटरला ‘ए भाऊ, ठेचा आण’ म्हणतो आणि बिल चुकतं करून ढेकर देत निघतो. खऱ्या वाड्याला हे कधी जमलं नाही. नाकं मुरडणाऱ्यांच्या ‘अभिरुची’त कधीकधी मला त्या ओसरीचीच आठवण ऐकू येते. त्या माणसाला तो इतिहास ठाऊक नसतो, असंही समजू नये. त्याच्या घरी तो कदाचित आपल्यापेक्षा जास्त सांगितला गेला असेल. तो मुकाट्याने नव्हे, मजेत जेवतोय, एवढंच.

कादंबरीकार मिलान कुंदेरा यांनी किचचा विचार थेट विष्ठेपाशी नेऊन ठेवला: माणसाच्या जगण्यातलं जे नकोसं, ते नाहीच असं भासवणारं सौंदर्य. आमच्या वाड्यांच्या पिछाडीला बोळ असायचा. टोपलीच्या संडासातली घाण तिथून डोक्यावर वाहून नेणारी माणसं पुढच्या दाराने कधी आली नाहीत. हॉटेलात त्या जागी दोन दरवाजे असतात, एकावर फेटा रंगवलेला, दुसऱ्यावर नथ. आत पांढऱ्या टाइल्स, सेन्सरचा नळ, लिंबाच्या वासाचा फवारा. सगळ्या वाड्यात थीम सोडून दिलेली ती एकच जागा, आणि तिथे अस्सलपणाची मागणी करणारा चोखंदळ मला अजून भेटायचा आहे.