पाठ

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर आली, तेव्हा माझी हुकली होती. यंदा ती बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी दहा रात्रींत पाहून संपवली. राष्ट्राच्या जन्माची ही गोष्ट, पण तिच्यात ना तोफा ना तटबंद्या. ९ डिसेंबर १९४६ पासून जवळजवळ तीन वर्षं संविधान सभेत माणसं उठतात, बोलतात, दुरुस्ती सुचवतात आणि खाली बसतात. क्रांती इतकी बैठी असू शकते, याचंच नवल वाटत राहिलं.

बडोदेकराला त्यात अभिमानाचे घास मिळतातच. २८ एप्रिल १९४७ ला या सभेत दाखल झालेल्या पहिल्या संस्थानांत बडोदं होतं. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं सभेला झेंडा अर्पण करणाऱ्या हंसाबेन मेहता पुढे इथल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पण सचिन खेडेकरांचे आंबेडकर बोलायला उभे राहिले की तो घास घशाशी अडे.

कारण या शहराची दोन दृश्यं मनात शेजारी येऊन बसत. पहिलं खरोखरच चित्रित झालेलं. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव गायकवाड बादशहापुढे एकदाच लवतात आणि मागे मागे सरकण्याऐवजी वळून चालू लागतात. ती फिल्म लंडनच्या पडद्यांवर झळकली आणि काही क्षणांच्या त्या चालीत राजद्रोह शोधला गेला. महाराजांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. आम्ही मात्र त्या पाठमोऱ्या आकृतीवर पिढ्यानपिढ्या खूश आहोत.

दुसऱ्या दृश्यापाशी कॅमेरा नव्हता. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. हुद्दा मिळाला, खोली मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एकाला नोकर सोडून जातील अशी धास्ती, दुसऱ्याला बायकोची संमती हवी. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे.

राजानं साम्राज्याकडे पाठ फिरवली, हे जगानं पाहिलं. शहरानं आपल्याच अधिकाऱ्याकडे पाठ फिरवली, ते कुणी टिपलं नाही. राजाज्ञा कचेरीतल्या खुर्चीपर्यंत पोचली, पण घराच्या उंबरठ्याशी थांबली.

मालिकेच्या शेवटाकडे आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण येतं. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करतो आहोत, हा त्यातला इशारा. शाळेत तो दूरदृष्टी म्हणून वाचला होता. आता वाटतं, त्यात भविष्यकथनापेक्षा आठवणच अधिक असावी. उत्तम हुकूम आणि बंद दरवाजा एकाच गावात कसे नांदतात, याचा धडा त्यांना इथे मिळाला होता. मराठीत ‘पाठ’ म्हणजे धडाही, हे त्या रात्री जाणवलं.

अशा मालिका पाहताना शेवट आपल्याला ठाऊक असतो, म्हणून आपण निवांत असतो. सह्या होणारच, हे धरूनच चहा पितो. मसुदा समितीच्या भावी अध्यक्षाला १९१७ च्या त्या दिवशी रात्रीचं अंथरूण कुठे पडणार, एवढंही ठाऊक नव्हतं.

दहावा भाग संपल्यावर सकाळी कमाटीबागेत गेलो. तिथे आता संकल्पभूमीचं स्मारक आहे. माणसं येतात, हात जोडतात. मीही जोडले. परतताना दांडिया बाजारातल्या एका जिन्यापाशी पाटी दिसली: खोली भाड्यानं देणे आहे. खाली बारीक अक्षरात अट होती. ती वाचली आणि पावलं जड झाली.