जामीन कोण राहील?



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पेढे वाटले जातात. पेढ्याची गोडी तोंडात असतानाच दुसरा विषय निघतो : पुढची फी कशी भरायची? गणपतीपुळ्यापासून मालगुंड-जयगडपर्यंत आपली माणसे कुणी लॉजवर कामाला आहेत, कुणी रिक्षा चालवतात, कुणी होडीवर जातात, कुणी आंब्याच्या बागेत राबतात. पावसाळा आला की पर्यटक कमी होतात, मासेमारी बंद असते, आंबाही संपलेला असतो. आणि कॉलेजची फी नेमकी त्याच दिवसांत भरायची असते.

मग बँकेत जावे लागते. तिथे आईवडिलांच्या उत्पन्नाबरोबर त्यांची 'सिबिल'ची नोंदही पाहिली जाते. ३०० ते ९०० यांमधला एक आकडा आपली पत ठरवतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचा सारा धंदा बसला. त्याच जूनमध्ये निसर्ग वादळ आले आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. त्या काळात कुणाचे गाडीचे हप्ते चुकले, कुणाचे बचत गटाचे, कुणाचे दुकानाचे. पुढे पोटाला चिमटा काढून पैसे फेडले, तरी चुकलेल्या हप्त्यांची नोंद मागे राहते. कर्ज बापाने घेतलेले असते आणि बँकेच्या दारातून मुलगी परत येते.

अशा वेळी आपण एकमेकांशी काय बोलतो? "ऐपत नव्हती तर एवढी स्वप्ने कशाला पाहायची?" हे बोलणे ऐकावे लागू नये म्हणून पुष्कळ घरे गप्प बसतात. मुलगा मुंबईला कामाला गेला एवढेच आपल्याला कळते. का गेला, हे आपण विचारत नाही.

नव्या करारात संत पौलाचे एक लहानसे पत्र आहे, फिलेमोनाला लिहिलेले. एकच अध्याय, पंचवीस ओव्या. फिलेमोनाच्या घरचा दास अनेसिम त्याच्यापासून दूर गेला आणि तुरुंगात असलेल्या पौलाला भेटला. तिथे तो ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो आणि त्याचा दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार करावा अशी विनंती करतो. 'क' वर्षात, सामान्य काळातील तेविसाव्या रविवारी हे आपले दुसरे वाचन असते. पण ते वाचन सतराव्या ओवीपाशी थांबते. घरी बायबल उघडून अठरावी आणि एकोणिसावी ओवी अवश्य वाचा. तिथे पौल पैशाची गोष्ट काढतो. अनेसिमाकडून काही नुकसान झाले असेल किंवा काही येणे असेल, तर ते पौलाच्या नावावर लिहावे, असे तो सांगतो. आणि आपण स्वतः भरपाई करू, हे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो.

बंधू-भगिनींनो, ज्याची पत संपली होती त्याच्यासाठी संत पौल जामीन राहिला. तो श्रीमंत नव्हता. तंबू तयार करून पोट भरणारा तो कारागीर होता आणि त्या वेळी तर कैदेत होता. अनेसिम भला मुलगा आहे, एवढी शिफारस करून तो थांबला नाही. त्याने सही दिली.

जामीन राहणे सोपे नाही, हे पवित्र शास्त्रालाही ठाऊक आहे. नीतिसूत्रांचा ग्रंथ दुसऱ्यासाठी हमी देणाऱ्याला सावध करतो. सिराखच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय तर दोन्ही बाजू मांडतो : सज्जन माणूस शेजाऱ्यासाठी जामीन राहतो, पण जामीन राहून बुडालेलेही पुष्कळ आहेत. आणि ज्याच्यासाठी कुणी जामीन राहिले, त्याने ते उपकार विसरू नयेत. आपल्यातही मित्रासाठी सही करून पस्तावलेली माणसे आहेत. त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून हा भार एकट्याच्या खांद्यावर नको. वसईच्या आपल्या बांधवांनी हे फार पूर्वी ओळखले. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी तिथे सहकारी पतव्यवहाराचा पाया घातला. तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. एका धर्मगुरूने बँक का काढावी? कारण एकट्याला ज्याची पत नाही, त्याची दहाजण मिळून पत होऊ शकते. सहकाराचे तत्त्व एवढेच आहे.

आपला धर्मग्राम लहान आहे. बँक काढणे आपल्या आवाक्यात नाही. पण तीन गोष्टी आपण करू शकतो.

पहिली, माहिती वेळेवर पोचवू या. जे परत फेडावे लागत नाही ते आधी शोधावे. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फी सवलतीच्या आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आहेत. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. पण अशा सवलतींसाठी सहसा शासनाच्या प्रवेशफेरीतूनच प्रवेश घ्यावा लागतो. घाईने व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हक्क जातो. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा.

कर्ज घ्यावेच लागले तर सावकाराकडे जाऊ नका. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन मागितला जात नाही. आईवडील सहकर्जदार असतात. त्यांची नोंद खराब असेल तर मामा, काका किंवा आत्या सहकर्जदार चालतील का, हे बँकेत स्पष्ट विचारावे. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळते. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. विद्यार्थ्याचा सिबिल आकडा कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली एका प्रकरणात म्हटले आहे. आणि वर्षातून एकदा आपला पतअहवाल मोफत मिळतो. तो पाहावा, त्यात चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते.

दुसरी, एकत्र भार उचलू या. एका कुटुंबाला तीस हजार जड आहेत. तीस कुटुंबांना हजार हजार तेवढे जड नाहीत. बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद आणि लग्न यांच्या खर्चातला काही भाग आपण मुलांच्या शिक्षणासाठी काढून ठेवू शकतो. धर्मग्राम परिषदेपुढे हा विषय आम्ही ठेवणार आहोत. मदत कुणाला झाली, हे वेदीवरून कधीही सांगितले जाणार नाही.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. बाळांनो, जो तुमच्यासाठी सही करतो तो आपली झोप तुमच्या हाती देतो. मन लावून शिका. नोकरी लागली की पहिल्या पगारापासून हप्ता भरा आणि मग मागून येणाऱ्या एखाद्या मुलासाठी तुम्ही उभे राहा.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. आपले खाते कधीच निष्कलंक नव्हते. तरीही त्याने आपल्यासाठी क्रुसावर हमी दिली आणि ती पुरी केली. दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेताना आपण त्याच जामिनावर जगत असतो. मग शेजारच्या मुलीने दार ठोठावले तर आपण तिला तिच्या बापाचा आकडा कसा विचारणार?

प्रभू येशू आपल्या मुलांच्या वाटा मोकळ्या करो आणि आपल्या हातांना सही करण्याचे धैर्य देवो. आमेन.